साथ येण्याआधीच ठरवायच्या गोष्टी

वन्यप्राण्यांमध्ये नव्याने उद्भवणाऱ्या संसर्गजन्य रोगांविषयी मागील अंकात एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यानंतर आलेली पत्रे पाहून या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला द्यायचे ठरवले. पत्रलेखकांमध्ये वनखात्यात काम करणारे आहेत, पशुवैद्यक आहेत, विद्यार्थी आहेत आणि केवळ पाखरांच्या ओढीने रानोमाळ हिंडणारेही आहेत. एकमेकांशी जुळणारे प्रश्न एकत्र केले आहेत. मी स्वतः बरीच वर्षे वन्यप्राण्यांच्या रोगनिदानाचे काम केले असल्याने काही उत्तरे लांबली आहेत, त्याबद्दल वाचक समजून घेतील.

प्रश्न : रोगराई हा निसर्गाचाच भाग आहे, दुर्बल प्राणी मरतात, सबळ तगतात आणि काही पिढ्यांनी सारे सावरते, असे मी शिकले आणि विद्यार्थ्यांनाही शिकवते. मग वन्यप्राण्यांच्या रोगांत माणसाने हात घालावाच का? आणि घालायचाच असेल, तर रोग दिसल्यावर उपाय करणे पुरेसे नाही का?
— जीवशास्त्राच्या एक शिक्षिका

आपण शिकवता ते चूक नाही. मात्र ते अशा रोगांना लागू पडते, जे आपापल्या यजमान प्राण्यांच्या सोबतीने हजारो वर्षे राहत आले आहेत. नव्याने उद्भवणाऱ्या रोगांची गोष्ट वेगळी असते. त्यांतील पुष्कळसे रोग, ज्यांनी त्यांना कधी पाहिलेच नाही अशा प्राण्यांपर्यंत माणसाच्या व्यापारामुळे, प्रवासामुळे किंवा पाळीव जनावरांमुळे पोहोचलेले असतात.

वटवाघळांचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी २००६ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत शीतनिद्रेतील वटवाघळांचे छायाचित्र घेतले गेले आणि त्यांच्या नाकांवर पिठासारखी पांढरी बुरशी दिसली. या बुरशीला थंडी मानवते. शीतनिद्रेत वटवाघळाचे शरीर जवळजवळ गुहेइतकेच थंड झालेले असते आणि त्याची प्रतिकारशक्तीही मंदावलेली असते, त्यामुळे पंखांच्या पातळ कातडीत शिरायला बुरशीला कोणी अडवत नाही. त्रासलेले वटवाघूळ हिवाळ्यात पुन्हा पुन्हा जागे होते आणि प्रत्येक जागरणात त्याने उन्हाळ्यात साठवलेली थोडी थोडी चरबी जळते. वसंत यायला अजून अवकाश असतानाच ती शिदोरी संपते; भुकेले वटवाघूळ भर दिवसा गुहेबाहेर पडते आणि एकही कीटक नसलेल्या त्या बर्फात मरून पडते. २०१२ पर्यंत उत्तर अमेरिकेत अशी ५७ ते ६७ लाख वटवाघळे मेली असावीत, असा तेथील वन्यजीव खात्याचा अंदाज होता. हीच बुरशी युरोपातील गुहांमध्येही आहे, पण तिथली वटवाघळे तिच्यासह जगतात, कारण त्यांचा तिच्याशी परिचय जुना आहे. समुद्र ओलांडून ती बहुधा माणसाच्याच बुटांवरून किंवा सामानावरून गेली. अशा वेळी "निसर्ग आपले पाहून घेईल" असे म्हणणे म्हणजे आपण घडवलेल्या अपघाताची जबाबदारी निसर्गावर ढकलणे होय. शिवाय यातील अनेक प्रजातींची मादी वर्षाला एकाच पिल्लाला जन्म देते, त्यामुळे सावरायला लागणारा काळ माणसाच्या कित्येक पिढ्यांचा असू शकतो.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. रोग दिसल्यावर उपाय करू, या भूमिकेतील अडचण अशी की रोग दिसतो तेव्हा सर्वांत परिणामकारक उपायांची वेळ टळून गेलेली असते. रोगकारक अजून आलेला नसताना तो येण्याचे मार्ग बंद करता येतात. तो नुकताच एका जागी शिरलेला असताना त्याला तिथेच रोखण्याची संधी असते, पण ती काही आठवड्यांची किंवा महिन्यांचीच. साथ ऐन भरात असताना मृत्यू कमी करण्याची धडपड तेवढी उरते, आणि रोग कायमचा मुक्कामाला आला की उरलेल्या प्राण्यांना त्याच्यासह जगायला मदत करणे एवढेच हाती राहते. वटवाघळांच्या बुरशीचे बीजाणू गुहेच्या मातीत वर्षानुवर्षे टिकतात. एकदा दूषित झालेली गुहा धुऊन काढता येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे; रोगांच्या बाबतीत विहीर खणायची मुभा केवळ तहान लागण्यापूर्वीच असते, इतकाच फरक.

प्रश्न : मी एका लहान अभयारण्याचा कारभार पाहतो. पूर्वतयारी करा, असे प्रत्येक परिपत्रकात लिहिलेले असते. पण उद्या कोणता रोग येणार हेच माहीत नसेल, तर तयारी कशाची करायची? शिवाय ज्या रोगाविषयी पुरेसे संशोधनच झालेले नाही, त्याविरुद्ध निर्णय तरी कसा घ्यावा?
— एक वनाधिकारी

आपली अडचण खरी आहे आणि ती केवळ आपली नाही. मात्र तयारीची सुरुवात रोगाच्या नावापासून करायची असते, हा समज आधी बाजूला ठेवावा लागेल. सुरुवात होते ती "आपल्याला काय राखायचे आहे" या प्रश्नापासून. त्याचे उत्तर वरवर सोपे वाटते, पण चार संबंधितांना एका टेबलाभोवती बसवून पाहा. एकाला दुर्मीळ प्रजाती नामशेष होऊ द्यायची नसते, दुसऱ्याला माणसांना संसर्ग होऊ द्यायचा नसतो, तिसऱ्याला आसपासच्या गुराढोरांची काळजी असते, तर चौथ्याला एकही प्राणी आपल्या हातून मारला जाऊ नये असे मनापासून वाटत असते. आणि खर्चाची मर्यादा तर सर्वांनाच असते. ही सारी उद्दिष्टे रास्त आहेत, पण ती एकाच वेळी पूर्ण होत नाहीत. शांत काळात ती कागदावर उतरवून, त्यांतील कोणते किती महत्त्वाचे हे ठरवून ठेवले नाही, तर साथीच्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या दिशेने ओढतो आणि त्या ओढाताणीत पहिला आठवडा जातो. पहिला आठवडा गेला की पुष्कळदा सारेच गेलेले असते.

उद्दिष्टांनंतर करता येण्यासारख्या कृतींची यादी करावी. काहीही न करणे हीसुद्धा एक कृती म्हणून त्या यादीत असली पाहिजे, कारण तिचेही परिणाम असतात आणि तेही मोजावे लागतात. मग प्रत्येक कृतीने प्रत्येक उद्दिष्टावर काय परिणाम होईल, याचा प्रामाणिक अंदाज बांधायचा. जिथे आकडे नाहीत तिथे जाणकारांना विचारायचे आणि त्यांच्या उत्तरांतील अनिश्चितताही लिहून ठेवायची. अशी मांडणी समोर आली की कुठे किती गमावून काय मिळवायचे, ही चर्चा निदान उघडपणे होते.

हे कोरडे वाटत असेल, तर सॅलमँडरची, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या, पण बेडकांप्रमाणे उभयचर असलेल्या प्राण्यांची हकिकत पाहा. नेदरलँड्समधील पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचे अग्नि-सॅलमँडर २०१० च्या सुमारास झपाट्याने नाहीसे होऊ लागले. २०१३ मध्ये त्यामागील बुरशीचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि तिला जे शास्त्रीय नाव मिळाले त्याचा अर्थच "सॅलमँडर गिळणारी" असा आहे. ती त्वचेत व्रण पाडते आणि संसर्ग झालेला अग्नि-सॅलमँडर साधारण दोन आठवड्यांत मरतो. बुरशीचे मूळ आशियात असून पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून ती युरोपात आली असावी, असे पुरावे सांगतात. आता उत्तर अमेरिकेकडे वळा. जगात सॅलमँडरचे सर्वाधिक वैविध्य त्या खंडात आहे आणि ही बुरशी तिथे एकदाही आढळलेली नव्हती. तरीही २०१५ मध्ये तिथे या एकाच रोगासाठी कृतिदल स्थापन झाले, जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेने २०१ प्रजातींच्या सॅलमँडरांची आयात रोखली आणि पुढच्या वर्षी कॅनडानेही बंदी घातली. तळी-ओढ्यांतील दहा हजारांहून अधिक प्राण्यांच्या त्वचेचे नमुने तपासण्यात आले. त्यांत बुरशी सापडली नाही. एकही प्राणी आजारी नसताना एवढा खटाटोप करण्याचे मला अतिशय कौतुक वाटते, कारण यशस्वी झालेल्या पूर्वतयारीचे छायाचित्र कधीच छापून येत नाही.

त्याच सुमारास तिथल्या संरक्षित क्षेत्रांचे व्यवस्थापक आणि शास्त्रज्ञ एकत्र बसून आणखी एक प्रश्न सोडवत होते : बंदी घालूनही बुरशी आपल्या तळ्यात आलीच तर काय करायचे? प्राण्यांची दाटी कमी करावी, भेट देणाऱ्यांना मज्जाव करावा, काही प्राणी उचलून बंदिस्त जागी न्यावेत, बुरशीनाशक वापरावे, असे पर्याय पुढे आले. प्रयोगशाळेत संसर्ग झालेल्या सॅलमँडरना दहा दिवस २५ अंश सेल्सिअस तापमानात ठेवले तर ते बरे होतात, हेही माहीत होते; पण अख्खे रान तापवता येत नाही. अशा विचारमंथनातून पुढे येणारी महत्त्वाची गोष्ट अशी, की बहुतेक पर्याय "रोग दिसल्यावर" या गृहीतकावर उभे असतात. बेल्जियममधील एका रानात ही बुरशी शिरल्यावर सहा महिन्यांत सुमारे ९० टक्के अग्नि-सॅलमँडर गेले होते. इतक्या वेगापुढे दिसल्यावर हलणारी यंत्रणा टिकत नाही. म्हणून काही कृती, त्या महाग आणि नावडत्या असल्या तरी, रोग येण्याआधीच करायच्या का, याचा निर्णय घ्यावा लागतो.

आपल्या अभयारण्यासाठी रोगांच्या नावांऐवजी वाटांची यादी करा. हद्दीवर चरणारी जनावरे, आत शिरणारी कुत्री, एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर चिखलाचे बूट घेऊन जाणारे अभ्यासक आणि पर्यटक, बाहेरून आणून सोडले जाणारे प्राणी, स्थलांतर करून येणारे पक्षी. यांतील शेवटची वाट सोडली तर बाकीच्या वाटांवर, येणारा रोग कोणताही असला तरी, काही ना काही करता येते.

यासोबत खूण आणि कृती यांची जोडी लिहून ठेवणे मी अत्यावश्यक मानतो. एका पाणवठ्यावर एका आठवड्यात किती मृत प्राणी दिसले म्हणजे ते नेहमीपेक्षा अधिक समजायचे? ते दिसल्यावर पहिला दूरध्वनी कोणी कोणाला करायचा? नमुना कोणत्या प्रयोगशाळेत, कशातून आणि कोणाच्या परवानगीने जाणार? क्षेत्र बंद करण्याचा अधिकार कोणाचा, आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर मग कोणाचा? बऱ्याच वर्षांपूर्वी एका पाणथळ जागी मला बदके मरत असल्याचे कळवले गेले. मी पोहोचलो तेव्हा काठावर सतरा पक्षी होते. काहींच्या माना पाण्यात लोंबत होत्या, पण एक पक्षी तासाभरापूर्वीच मेलेला होता आणि त्याचे अंग अजून कोमट होते. त्यापेक्षा चांगला नमुना मिळणे शक्य नव्हते. परंतु नमुना बाहेर नेण्याच्या परवानगीचे पत्र कोणी द्यायचे, हेच ठरलेले नव्हते. ते पत्र नऊ दिवसांनी आले आणि तोवर त्या नमुन्यातून काहीही कळण्यासारखे उरले नव्हते. ती बदके कशाने मेली, हे मला आजही माहीत नाही. त्या दिवशी विज्ञान कमी पडले नाही. एक सही कमी पडली.

राहिला अपुऱ्या संशोधनाचा मुद्दा. "आणखी अभ्यास हवा" हे वाक्य उच्चारण्यापूर्वी स्वतःला एकच गोष्ट विचारावी : हा अभ्यास पूर्ण झाल्यावर येणाऱ्या उत्तरामुळे माझा निर्णय बदलू शकेल का? बदलणार असेल, तर तो अभ्यास आधी आणि तातडीने करावा. बदलणार नसेल, तर अभ्यास चालू राहू द्यावा, पण त्याच्यासाठी निर्णय थांबवू नये.

प्रश्न : एखाद्या अधिकाऱ्याने साथ येण्यापूर्वीच कठोर पाऊल उचलले आणि नंतर ते चुकीचे ठरले, तर त्याचा दोष कोणाला? या भीतीनेच कोणी निर्णय घेत नसावे, असे वाटते.
— वन्यजीव व्यवस्थापनाची एक विद्यार्थिनी

आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मार्च २०१६ मध्ये नॉर्वेतील नॉर्डफ्येला या डोंगराळ भागात संशोधकांचे पथक रानटी रेनडिअरना मागोवा घेणारे पट्टे बांधण्यासाठी हेलिकॉप्टरने फिरत असताना त्यांना एक आजारी मादी दिसली आणि ती त्यांच्यासमोरच मेली. तपासणीत निघाले ते हरणांना पोखरत नेणारे एक असाध्य दुखणे, जे १९६७ मध्ये अमेरिकेतील कोलोराडोत प्रथम लक्षात आले होते आणि युरोपात तोवर एकदाही आढळले नव्हते. या रोगाचे कारण विषाणू किंवा जिवाणू नसून प्रायॉन नावाचे विकृत प्रथिन असते. त्यावर औषध नाही, लस नाही आणि ते मातीत वर्षानुवर्षे टिकून राहते. अमेरिकेतील अनुभव असा होता की रोग पसरू दिला की तो परत मागे हटत नाही. नॉर्वेने त्या भागातील संपूर्ण कळप, म्हणजे दोन हजारांहून अधिक रेनडिअर, २०१८ पर्यंत मारून टाकला आणि जमीन काही वर्षे मोकळी ठेवायचे ठरवले. मारलेल्यांपैकी बाधित निघालेल्या प्राण्यांची संख्या विसाच्या आत होती. नंतर २०२० मध्ये हाच रोग शेजारच्या हार्डांगरविडा या पठारावरील कळपात सापडला.

मग पहिला निर्णय चुकला का? माझ्या मते नाही. निर्णय चांगला की वाईट हे तो घेताना हाती असलेल्या माहितीवरून, तोलून पाहिलेल्या पर्यायांवरून आणि समोर ठेवलेल्या उद्दिष्टांवरून ठरवायचे असते. नंतर काय घडले त्यावरून ठरते ते नशीब. नॉर्वेने विलंब केला असता तर रोग कदाचित न पसरताही राहिला असता, पण पसरला असता तर परतीचा मार्ग नव्हता. अशा ठिकाणी एकेरी वाटेवरचा धोका अधिक वजनाने मोजला पाहिजे. आणि दोन हजार निरोगी-आजारी प्राणी मारण्याचे दुःख हे त्या हिशेबातील खरे ओझे आहे. ते लपवून हिशेब सोपा करू नये.

उलट बाजूचे उदाहरणही द्यायला हवे. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील टास्मानियन डेव्हिल या मांसाहारी प्राण्यांमध्ये चाव्यातून पसरणारा चेहऱ्याचा कर्करोग १९९६ मध्ये प्रथम दिसला. प्रजाती वाचवण्यासाठी निरोगी प्राण्यांची राखीव संख्या उभारण्यात आली आणि २०१२ मध्ये त्यांतील काही मारिया बेटावर सोडण्यात आले. डेव्हिल तिथे उत्तम वाढले, पण त्या बेटावर घरटी करणाऱ्या लहान पेंग्विनच्या सुमारे तीन हजार जोड्या पुढील काही वर्षांत नाहीशा झाल्या. एका प्रजातीचे भले करताना तिच्या शेजाऱ्यांचा रकाना कोरा राहिला की असे होते.

दोषाच्या भीतीवर उपाय एकच : निर्णय एकट्याने घेऊ नये आणि त्यामागची कारणे त्याच दिवशी लिहून ठेवावीत. त्या कागदामुळे अधिकाऱ्याला आधार मिळतो, आणि त्याच्यामागून येणाऱ्याला तो निर्णय तपासून सुधारता येतो.

प्रश्न : रानातल्या प्राण्यांना लस टोचणे हे व्यवहारात कधी शक्य झाले आहे का?
— एक पशुवैद्यक

झाले आहे, आणि त्यांतील काही प्रसंग फार शिकवणारे आहेत. इथिओपियन लांडगे जगात जेमतेम पाचशे उरले आहेत आणि डोंगरात हिंडणाऱ्या पाळीव कुत्र्यांकडून त्यांना रेबीज होतो. २००३ मध्ये बाले पर्वतातील वेब खोऱ्यात साथ आली आणि तिथले बहुतेक लांडगे मेले. सर्व लांडगे पकडून टोचणे अशक्य होते. म्हणून पशुवैद्यकांनी नकाशा पाहिला : एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाण्याच्या वाटा चिंचोळ्या होत्या. त्या वाटांवरील कळपांनाच लस दिली गेली आणि साथ पुढच्या खोऱ्यांत गेली नाही. सत्तर टक्के प्राण्यांना लस दिल्याशिवाय उपयोग नाही, असे जे आपण पुस्तकात वाचतो, ते प्राण्यांचे कळप कुठे आणि कसे विखुरलेले आहेत हे माहीत असल्यास शब्दशः खरे धरायचे कारण नसते.

युरोपात कोल्ह्यांच्या रेबीजविरुद्ध १९७८ मध्ये स्वित्झर्लंडने कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकली आणि त्या साध्या युक्तीतून पुढे पश्चिम युरोपचा मोठा भाग कोल्ह्यांच्या रेबीजपासून मुक्त झाला. हवाईमधील मंक सीलना तर साथ येण्याची वाट न पाहताच २०१६ पासून मॉर्बिलिविषाणूविरुद्ध (गोवराच्या विषाणूच्या गटातील विषाणूविरुद्ध) लस दिली जाऊ लागली. याउलट कॅलिफोर्निया कॉन्डॉर या गिधाडांच्या बाबतीत २०२३ च्या वसंतात बर्ड फ्लूने २१ पक्षी मेल्यावर लसीला तातडीची परवानगी मिळाली, आणि मग काळ्या गिधाडांवर चाचणी घेऊन कॉन्डॉरना ती देण्यात आली. लस अस्तित्वात होती, ती कोंबड्यांसाठी बनवलेली होती. वेळ गेला तो ती या प्रजातीला सुरक्षित आहे का आणि द्यायची परवानगी कोणाची, यात. आपल्यासारख्या व्यावसायिकांनी साथ नसतानाच करण्याचे काम हेच आहे : जवळच्या, तुलनेने विपुल प्रजातीवर सुरक्षिततेची चाचणी, शीतसाखळीची सोय आणि पकडण्याच्या पद्धतीचा सराव.

लस शक्य नसेल तेव्हा वाहकाकडे पाहावे. हवाईतील मधुपक्ष्यांना डासांमुळे होणारा हिवताप मारतो. ते डास तिथे एकोणिसाव्या शतकात जहाजांतून आले, आणि तापमान वाढत असल्याने आता उंच डोंगरांतील पक्ष्यांपर्यंत पोहोचत आहेत. २०२३ पासून तिथे असे नर डास सोडले जात आहेत, ज्यांच्याशी समागम झाल्यास मादीची अंडी उबतच नाहीत.

प्रश्न : रोग पसरवणाऱ्या वटवाघळांच्या वसाहतीच नष्ट केल्या तर प्रश्न मिटणार नाही का?
— एक वाचक

नाही, बहुधा तो वाढेल. युगांडातील किताका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग या जीवघेणा ताप आणणाऱ्या विषाणूचा संसर्ग झाल्यावर तिथली वटवाघळे मारण्यात आली. काही वर्षांनी खाणीत नवी वटवाघळे येऊन राहिली आणि त्यांच्यातील संसर्गाचे प्रमाण पूर्वीच्या दुपटीहून अधिक निघाले. २०१२ मध्ये जवळच्याच भागात माणसांमध्ये साथही आली. जुने, प्रतिकारशक्ती आलेले प्राणी काढले की त्यांची जागा तरुण आणि संसर्गाला सहज बळी पडणारे प्राणी घेतात. ब्रिटनमध्ये गुरांच्या क्षयरोगासाठी बिज्जू (बॅजर) मारण्याचा जो मोठा प्रयोग १९९८ ते २००५ दरम्यान झाला, त्यातही मारलेल्या क्षेत्राच्या कडेने रोग वाढला, कारण विस्कटलेले प्राणी दूरवर भटकू लागले. नॉर्वेचे उदाहरण वेगळे आहे : तिथे कळप डोंगर-रस्त्यांनी जवळजवळ वेढलेला होता आणि काम अर्धवट सोडायचे नाही, हे आधीच ठरले होते.

प्रश्न : इतकी तयारी करूनही जे टळत नाही त्याचे काय?
— एक पक्षिनिरीक्षक

मे २०१५ मध्ये कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात सुमारे तीन आठवड्यांत दोन लाखांहून अधिक सायगा हरणे मेली. माद्या विण्यासाठी एकत्र जमल्या होत्या; त्या आणि त्यांची नवजात पाडसे शेजारी शेजारी पडलेली होती. एरवी त्यांच्या शरीरात निरुपद्रवी राहणारा एक जिवाणू असाधारण उष्ण आणि दमट हवेत उलटला होता. या मृत्यूंना कोणतीही यंत्रणा थांबवू शकली नसती. तरीही सायगा संपले नाहीत. शिकारबंदी आणि संरक्षित क्षेत्रे आधीपासून होती, कळप एकाहून अधिक ठिकाणी होते, आणि २०२३ पर्यंत त्या देशातील संख्या १९ लाखांच्या आसपास गेली. टाळता न येणाऱ्या आघातासाठी तयारी म्हणजे प्रजातीला मार खाऊनही उभे राहता येईल इतकी संख्या आणि इतक्या जागा राखणे.

जागा एकच असेल तर काय होते, हे काळ्या पायांच्या फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांनी दाखवले. नामशेष समजला गेलेला हा प्राणी १९८१ मध्ये अमेरिकेतील वायोमिंगमध्ये एका ठिकाणी सापडला. १९८५ मध्ये त्याच वसाहतीत कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग आणि प्लेग शिरले, आणि १९८७ पर्यंत उरलेले केवळ १८ फेरेट पकडून आणावे लागले. आजचे सर्व फेरेट त्यांचेच वंशज आहेत. गीरमधील आशियाई सिंहांमध्ये २०१८ साली हाच डिस्टेंपर आढळला, तेव्हाही हीच काळजी होती. पनामात याउलट घडले. बेडकांना मारणारी दुसरी एक बुरशी डोंगरांमधून पूर्वेकडे सरकते आहे हे पाहून, ती पोहोचण्याआधीच तेथील लोकांनी सोनेरी बेडूक गोळा केले. पिंजऱ्यांची इमारत अपुरी होती म्हणून २००६ मध्ये काही बेडूक एका हॉटेलच्या खोल्यांत ठेवले. रानातून तो बेडूक गेला, पण प्रजाती आज जिवंत आहे.

प्रश्न : फिरताना मेलेले पक्षी किंवा प्राणी दिसले, तर सामान्य माणसाने काय करावे?
— अनेक वाचक

हात लावू नये, आणि सोबत कुत्रा असेल तर त्यालाही जवळ जाऊ देऊ नये. दुरून छायाचित्रे घ्यावीत : एक संपूर्ण जागेचे, एक प्राण्याच्या अंगाचे, एक डोके आणि चोच किंवा नाक दिसेल असे. किती मेले आहेत, किती जिवंत पण सुस्त, माना वाकड्या झालेले किंवा गोल फिरणारे आहेत, एकाच प्रजातीचे आहेत की अनेक, हे मोजून लिहावे. तारीख, वेळ आणि ठिकाण लिहावे. आणि वनखात्याला किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला त्याच दिवशी कळवावे. एकटा मेलेला पक्षी बहुधा काही सांगत नाही, पण पाच जणांनी पाच ठिकाणांहून कळवलेले पाच पक्षी पुष्कळ सांगतात. परतताना बुटांचा चिखल तिथेच खरवडून काढावा. जंतुनाशक द्रवाने बूट धुतले तरी आत चिखल शिल्लक असेल तर द्रव तिथवर पोहोचत नाही. एका तळ्यावर वापरलेले जाळे किंवा बूट न वाळवता दुसऱ्या तळ्यावर नेऊ नयेत.

आणि ज्यांच्यावर मृत प्राणी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी येते, त्यांच्यासाठी एक सूचना. हातमोजे घालून, दुहेरी पिशवीत बांधून तो बर्फाच्या पेटीत ठेवावा. एक-दोन दिवसांत पोहोचणार असेल तर गोठवू नये, कारण गोठल्याने पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसायला हवे ते दिसत नाही. पिशवीवर चिठ्ठी बाहेरून लावावी आणि तिच्यावर शाईऐवजी शिसपेन्सिलीने लिहावे. बर्फ वितळून पेटीत पाणी झाले तरी पेन्सिलीची अक्षरे वाचता येतात.